सापुताऱ्याची सोपी वाट

मी आजारी माणसाशी खोटं बोलण्यात पटाईत आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला बिचारी-बिचारी म्हणत बसणार नाही.

मी शोभा. सुरतेत लिंबायतला राहते. घरी बसून साड्यांना लेस लावते, स्टोन चिकटवते. माझे मिस्टर लूमच्या खात्यात कारीगर आहेत, म्हणजे यंत्रमागावर. मूळचे आम्ही खानदेशातले, पण आमची पूनम इथेच जन्मली आणि ती भांडायला लागली की गुजरातीत भांडते. मला टीबी झाला. गोळ्या अजून चालू आहेत, दोन महिन्यांच्या बाकी आहेत. आरोग्य केंद्रातून आमच्या गल्लीत येणाऱ्या ताई म्हणाल्या, "शोभाबेन, तुम्ही एवढं बोलता, तर लिहून काढा की. दुसऱ्या बायकांना धीर येईल." धीर येईल की नाही देव जाणे. पण घरच्यांवर संशय घेऊन घेऊन माणूस कसा अर्धा होतो, ते मी नक्की सांगू शकते.

दादांच्या गोळ्या

माझे मोठे दीर आमच्याकडेच राहायचे. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, सगळा जन्म लूमवर गेला. आमच्याकडे मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड वर करून बोलायचं नाही. त्यामुळे इतकी वर्षं एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांशी धड चार गोष्टी बोललो नव्हतो. तेही मला नावाने हाक मारायचे नाहीत. 'पूनमनी माय' म्हणायचे, आणि तेही भिंतीकडे बघून.

चार वर्षांपूर्वी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. फार पुढे गेलेला. डॉक्टरांनी केबिनमध्ये मला आणि ह्यांना सांगितलं, तेव्हा दादा बाहेर बाकावर बसले होते. मी बेसिनवर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "दादा, टीबी आहे. सहा महिन्यांच्या गोळ्या आहेत. बरं होतं त्याने."

टीबी मीच निवडला. लिंबायतला टीबी कुणाला नवा नाही, होऊन बरा झालेला कुणी ना कुणी प्रत्येक गल्लीत असतोच. मग मेडिकलमधून ताकदीच्या पिवळ्या गोळ्या आणल्या, पट्टीतून सोडवून एका डबीत भरल्या, आणि रोज सकाळी नऊला एक गोळी त्यांच्या हातावर ठेवू लागले. दुखण्याची औषधं होती ती वेगळी. दादांनी कधी डबी उघडून पाहिली नाही, गोळीचं नाव विचारलं नाही. उलट मी भाकरी करण्यात गुंतले की ओट्यावरून आवाज यायचा, "पूनमनी माय, नऊ वाजनात. गोयी दे." मी ह्यांना म्हणायचे, बघा, किती विश्वास बसलाय. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटायचा, नाही कशाला म्हणू.

मग जाणाऱ्या माणसासाठी जे जे करतात ते सगळं केलं. गावाकडून बहिणीला बोलावून घेतलं. कळण्याची भाकरी, शेवभाजी, जे आवडेल ते खाऊ घातलं. गडावर नेऊन देवीचं दर्शन घडवलं आणि परत येताना वाटेत सापुताऱ्याला एक दिवस थांबलो. तळ्याकाठी चाललो, सनराइज पॉइंटच्या बाकावर बसलो, सगळ्यांचा मिळून फोटो काढला. त्यानंतर दीड महिन्याने दादा गेले. तो फोटो आमच्या भिंतीवर आहे.

केबिन

मागच्या दिवाळीनंतर मला बारीक ताप यायला लागला. उजव्या कुशीत दुखायचं, जिना चढले की धाप लागायची. मी आपली हळद-दूध, काढा असं करत राहिले. संक्रांतीच्या सुमारास एका साडीला लेस लावून उठले आणि तशीच खाली बसले. मग पूनमने धरून सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा एक्स-रे फोटो काढला तर आत पाणी. ते थोडं काढून तपासायला पाठवलं.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघे गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. फाइल मिटून हसल्या आणि म्हणाल्या, "टीबी छे, बेन. छ महिनानी गोळी. मटी जशे, चिंता नइ करो."

शब्द न् शब्द माझा होता, अगदी 'बरं होतं' सुद्धा! हसणं पण माझंच. तेवढ्यात हे खोकले. ह्यांचा खोकला आमच्या घरात भिंतीवरच्या घड्याळासारखा, कुणी लक्षही देत नाही. लूमवर काम करणारे सगळेच खोकतात, यार्नची धूळ जाते म्हणून. डॉक्टरबाईंनी मात्र मान वर करून ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बेन, तमे जरा बहार बेसो. भाईनी साथे वात करवी छे." पूनमलाही आत ठेवलं आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर बाकावर. दादा बसले होते तसलाच लोखंडी बाक. आत काय चाललंय ते मला बसल्या जागी दिसत होतं. आता डॉक्टरबाई खुर्ची पुढे ओढतील. आता हे विचारतील, किती दिवस. आता पूनम रडेल. दार उघडलं तेव्हा ह्यांचा चेहरा उतरलेला होता आणि पूनमचे डोळे लाल. "कंई नथी मम्मी, सगळं ठीक आहे," ती म्हणाली आणि तडक बेसिनकडे तोंड धुवायला गेली. तोंड धुवायला! हे तिला कुणी शिकवलं नव्हतं हो, आईचंच रक्त.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

वॉर्ड

पाणी काढायला मला काही दिवस ठेवून घेतलं. वॉर्डाचं एक ठरलेलं असतं. सहाला दिवे लावतात, मग ताप बघायला सिस्टर, मग चहा, मग फरशी पुसणाऱ्या बाईंची सगळ्यांना मिळून एकच शिवी, मग डॉक्टरांची फेरी. पाठीत सुई घालून पाणी काढतात तेव्हा टेबलावर ओणवं बसवतात. दुखतं, पण भीती वाटते तेवढं नाही. बाटलीत पडलेलं पाणी मी पाहिलं, कढीवर सुटतं तसं पिवळं. हे आपल्या आत होतं, या विचाराने मला दिवसभर अन्न गेलं नाही.

शेजारच्या खाटेवर कडोदऱ्याच्या जशीबेन होत्या, सत्तरीच्या. माझा हात वर होत नव्हता तर त्या माझी वेणी घालून द्यायच्या, रोज, न विचारता. केसात तेलाचा हात फिरला की मला लहान मुलीसारखं रडू यायचं. त्या म्हणायच्या, "तारो वर बहु सारो छे, रोज आवे छे."

येत होते, खरं आहे. पण कसे? तोंडाला मास्क लावून, खाटेच्या पायथ्याशी उभे. जवळ यायचे नाहीत. मी म्हटलं, "मास्क कशाला?" तर म्हणे डॉक्टरांनी सांगितलंय, तुझ्यासाठी बरं. माझ्यासाठी! माझा चेहरा बघवत नसेल, किंवा आपला दाखवायचा नसेल. दादांच्या वेळी मीही तोंड लपवायला सारखी भांड्यांच्या ढिगात वाकलेली असायचे. मग दोन दिवस हे दुपारचे गायब. पूनमला विचारलं तर म्हणाली, खात्यात काम आहे. खात्यात काम असलेला माणूस हाताच्या कोपरात कापसाचा बोळा धरून येतो का? मी तो बोळा पाहिला होता. मी ठरवलं, माझ्यासाठी रक्त दिलं असणार. म्हणजे माझं ऑपरेशन ठरतंय.

घरी

घरी आल्यावर तर मी डोळ्यात तेल घालून बसले. ह्यांनी आपलं अंथरूण गच्चीवर नेलं. का, तर तुला नीट झोप लागावी. ह्यांचा पेला वेगळा, ताट वेगळं. खोकला आला की बाहेर गल्लीत जायचे. मी आत आले की पूनमचा आणि ह्यांचा बोलण्याचा आवाज थांबायचा. ताई यायच्या त्याही आधी दारातच ह्यांच्याशी कुजबुजायच्या आणि मग आत येऊन माझ्याशी मोठ्याने हसायच्या. ताकाला तूर लागू देत नव्हते कुणी.

गोळ्यांची पट्टी मी हातात घेऊन उलटीसुलटी करायचे. माझ्यासाठी डबी केली नव्हती, पट्टीच होती. पण मी काय कमी आहे? एक दिवस रिक्षा करून पर्वत पाटियाला गेले, जिथे मला कुणी ओळखत नाही, आणि एका मेडिकलवाल्यापुढे पट्टी ठेवली. "भाई, आ शेनी दवा छे?"

"टीबीनी. सरकारी छे. केम?"

"नक्की?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती पट्टी कुठून तरी चोरून आणली होती. मी परत आले. गोळी खरी निघाली, ताईंनी सांगितल्याप्रमाणे लघवीसुद्धा लाल व्हायची. दुसरी कुणी असती तर समाधान मानून झोपली असती. मी म्हटलं, टीबी असेलही. पण त्याच्यासोबत आणखी काय आहे?

मनाची तयारी सुरू केली. पूनमला काळा मसाला शिकवला, धणे किती भाजायचे, खोबरं कधी टाकायचं. ती म्हणाली, "मम्मी, आत्ताच का?" मी म्हटलं, "आत्ता नाही तर कधी?" ती गप्प झाली. तिचं ते गप्प होणं मी माझ्या बाजूच्या पुराव्यात जमा केलं.

पेटीतली फिल्म

आमच्या कानबाईचं सामान एका पत्र्याच्या पेटीत असतं. देवीचं नारळ, नथ, साडी. ती पेटी श्रावणात उघडायची, एरवी कुणी हात लावत नाही. मी नसले तर पूनमला कुठली वस्तू कुठली ते कळायला हवं, म्हणून घरात कुणी नसताना मी ती काढली. साडीच्या घडीखाली छातीच्या फोटोची फिल्म होती.

माझी फिल्म मी डॉक्टरबाईंच्या दिव्यावर पाहिली होती. एका बाजूला खाली पांढरं, वाटीत दही लागलंय तसं. ही तशी नव्हती. खाली स्वच्छ, पण वर दोन्हीकडे कापसाचे पुंजके. म्हणजे वर चढलं. दोन्हीकडे पसरलं. आणि मला दाखवायचं नाही म्हणून देवीच्या पेटीत, जिथे मी श्रावणापर्यंत हात घालणार नाही. तोपर्यंत मी असणार नाही, असाच हिशेब.

कोपऱ्यात इंग्रजीत नाव होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण ह्यांचं नाव मला कळतं, लाइटबिलावर बघून बघून. राजेंद्र. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरातलं सगळं ह्यांच्याच नावावर. रेशनकार्ड ह्यांच्या नावावर, गॅस ह्यांच्या नावावर, वॉर्डातसुद्धा मला 'राजेंद्रभाईनां वाइफ' म्हणून पुकारायचे. मग माझी छातीही ह्यांच्याच नावावर लावली असणार. मी फिल्म होती तशी ठेवली, साडीची घडी घातली आणि स्वयंपाकाला लागले. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं आणि कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात मीठ जास्त झालं आणि कुणी बोललं नाही, असं फक्त दादांच्या शेवटच्या दिवसांत झालं होतं.

होळी झाली आणि एका संध्याकाळी हे म्हणाले, "डॉक्टरबाई सांगे, मोकयी हवामा चालानं. सापुताराले जाई येऊत."

मी हातातली लेस खाली ठेवली. सापुतारा. घ्या. आता फोटोच काढायचा राहिला होता.

तळं

ज्यांना छातीचा त्रास आहे त्यांच्यासाठी हे नीट लिहिते. सापुताऱ्याला जायला सुरतेहून एसटी मिळते, वघईनंतर घाट लागतो, उलटी होणाऱ्यांनी पुढे बसावं. मार्चमध्ये सागाची पानं गळलेली असतात, पण पळस फुललेला असतो. वर पोचल्यावर पहिल्या दिवशी फक्त तळं करा. तळ्याकाठचा रस्ता सपाट आहे, मध्ये मध्ये बसायला जागा आहे, दम लागला तर होड्या बघत बसायचं. कुणी विचारत नाही की बाई का बसल्या. सगळेच बसलेले असतात.

मी हळूहळू चालत होते. खरं सांगायचं तर तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटापर्यंत श्वास गेला आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लगेच भीती वाटली. विझायच्या आधी दिवा मोठा होतो तसं तर नाही? हे माझ्या मागे वीस पावलांवर, मास्क लावून. मी थांबले की थांबायचे. पूनम दोघांच्या मध्ये, कधी माझ्याकडे धावायची, कधी त्यांच्याकडे. चार वर्षांपूर्वी याच रस्त्यावर दादा असे मध्ये चालत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या आजूबाजूने, पायाखाली खडा आला तरी धावायचो.

"मम्मी, उभी राहा ना, फोटो काढते," पूनम म्हणाली.

"नको."

"एकच!"

"सांगितलं ना नको! फोटोबिटो मेल्यावर काढा."

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. पूनमने मोबाइल खाली केला आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाईट वाटलं, आणि संशय पण वाढला. नुसत्या ओरडण्याने रडणारी मुलगी नाही ती. तिच्यात उलट बोलायची ताकद माझ्यापेक्षा जास्त आहे.

सनसेट पॉइंट

संध्याकाळी सनसेट पॉइंटला गेलो. तिथपर्यंतही फार चढ नाही, सावकाश गेलं तर जमतं, खाली दरी आणि डोंगरामागे डोंगर. भाजलेली मक्याची कणसं, मॅगी, घोडे, सगळी जत्रा. ह्यांनी माझ्यासाठी कणीस आणलं, लिंबू जास्त लावून, मला आवडतं तसं. स्वतः घेतलं नाही. मी म्हटलं, अर्धं घ्या. तर म्हणाले, तुझं उष्टं नको, डॉक्टरांनी सांगितलंय. ज्या माणसाने लग्नानंतर पहिल्या दिवशी माझ्या ताटातली शेव उचलली होती, तो हा माणूस.

सूर्य डोंगराआड गेला आणि तिथे जमलेल्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला असा राग आला! बुडणाऱ्याला कसल्या टाळ्या वाजवता? ह्यांच्याकडे बघितलं तर हे सूर्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. नजर मिळताच दुसरीकडे वळले आणि खोकायला लांब गेले. मी मनात म्हटलं, शोभा, झालं तुझं.

सकाळ

लॉजच्या खोलीत पाणी ठराविक वेळेलाच यायचं. सकाळी मला जाग आली तेव्हा हे बाथरूममधून बाहेर येत होते, बादली रिकामी झालेली. त्यांच्यामागून मी आत गेले.

संडासात पाणी नीट पडलं नव्हतं. भांडं लाल-केशरी झालं होतं.

हे लिहायला लाज वाटते, पण आजारपणात कसली लाज. तो रंग मी दोन महिने रोज बघत होते, मी तो कुठेही ओळखला असता. पण मी तर आत्ता उठले होते. पूनम गाढ झोपलेली होती. आधी मला वाटलं, ह्यांनी माझी गोळी खाऊन पाहिली की काय, काळजीपोटी. मग देवीच्या पेटीतली फिल्म डोळ्यापुढे आली. त्यावर राजेंद्र लिहिलं होतं. ज्याची छाती होती त्याचंच नाव लिहिलं होतं त्यांनी.

मी तशीच भिंतीला धरून उभी राहिले. मास्क. गच्ची. वेगळा पेला. कोपरातला बोळा. अर्धं कणीस. सगळे पुरावे मीच तर गोळा केले होते, नीट रचून ठेवले होते, फक्त दुसऱ्याच माणसाचे होते.

बाक

सनराइज पॉइंटला सूर्य उगवायच्या आधीच जायचं असतं, पण आम्ही निघेपर्यंत ऊन वर आलं होतं. पूनम खोलीवर झोपली होती. वाट सोपी आहे, शेवटी थोडा चढ लागतो. तिथे हे थांबले.

"बस थोडी. दमनी तू," हे म्हणाले.

"मी नाही दमले."

हे कठड्याला टेकून उभे राहिले, श्वास घेत. मीही थांबले. मग सावकाश वर गेलो आणि त्याच बाकावर बसलो, जिथे दादा बसले होते. खाली दरीत धूर होता, कुणीतरी पालापाचोळा पेटवला असेल.

"आज गोळी घेतली तुम्ही?" मी विचारलं.

"मी? मी कसानी गोयी?"

"जिने आज लॉजचा संडास लाल झाला, ती."

ह्यांनी मास्क खाली केला. गाल आत गेले होते, दाढी पांढरी झाली होती, आणि हे मी दोन महिने पाहिलंच नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना रडताना एकदाच पाहिलं होतं, दादांना अग्नी दिला तेव्हा. आता दुसऱ्यांदा.

"मनामुये तुले व्हयनं," हे म्हणाले.

मग सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी खोकला ऐकला आणि त्याच दिवशी तपासलं. ह्यांना फुप्फुसाचा टीबी होता, जुना, दुसऱ्याला लागणारा. माझ्या आधीचा. दोन वर्षं आम्ही दोघे त्याला यार्नची धूळ म्हणत आलो होतो. औषध सुरू झाल्यावर काही दिवस बायकोपासून लांब राहा, मास्क लावा असं सांगितलं होतं, ते ह्यांनी अजूनपर्यंत पाळलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, घरी सांगा, यात कुणाचा दोष नसतो. ह्यांनीच हात जोडले आणि पूनमला माझी शपथ घातली. का, तर मी कधीच माफ करणार नाही असं वाटलं.

मी चिडले. चांगली चिडले. "दोन महिने मी मरत होते! मसाला शिकवला पोरीला, देवीचं सामान लावून ठेवलं! आणि तुम्ही मला घाबरत होता?" बाजूला गुजराती कुटुंब नाश्ता करत होतं, त्यांनी डबे उचलले आणि दुसऱ्या बाकावर गेले. मी ओरडता ओरडता रडायला लागले. जीव वाचल्याचं रडू होतं की ह्यांच्या गालांकडे बघून, मलाच कळेना.

रडून झाल्यावर मी म्हटलं, "बरोबर झालं माझं. दादांशी खोटं बोलले, देवाने तेच माझ्यापुढे आणून ठेवलं."

"दादाले माहीत व्हतं," हे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"समदं."

मग ह्यांनी जे सांगितलं ते चार वर्षं पोटात ठेवलं होतं. दादांना घेऊन आलो होतो तेव्हा मी आणि पूनम चहा आणायला गेलो होतो आणि हे दोघे भाऊ याच बाकावर बसले होते. दादांच्या शेजारच्या लूमवर पूर्वी भिकन नावाचा कारीगर होता, त्याला टीबी झाला होता. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल झाली म्हणून भिकन घाबरून दादांकडेच धावला होता. दादा ह्यांना म्हणाले, मनी तं एक दिन बी लाल व्हयनी नही. पहिल्या आठवड्यातच त्यांना कळलं होतं. आणि म्हणाले, पूनमनी मायले सांगू नको. तिले वाटस, तिनी माले सांभायं. वाटू दे.

मला ओट्यावर बसलेले दादा दिसत होते, भिंतीकडे बघून हाक मारणारे.

"मग रोज नऊला गोळी कशाला मागायचे?"

"मी बी इचारं तेच. तं म्हने, ती कामाच्या नादमा इसरनी, तं मंग तिलेच वाईट वाटी."

वाऱ्यावर तो धूर आमच्यापर्यंत येत होता. ह्यांनी रुमालाने डोळे पुसले, मोबाइलमध्ये वेळ पाहिली आणि शर्टाच्या खिशातून आपली पट्टी काढली. माझ्यासारखीच पट्टी, दोन महिने लपवून ठेवलेली. ती माझ्या मांडीवर ठेवली आणि तळहात पुढे केला.

"पूनमनी माय," हे म्हणाले, "नऊ वाजनात. गोयी दे."

वाऱ्याने माझा पदर खांद्यावर आला होता. तो मी डोक्यावर घेतला, आणि गोळी दिली.